या दुकानात ‘चालेल’ चालत नाही

दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांनी फूटपट्टी आपल्या नणंदेच्या टेबलाखाली आडवी झाली होती. डाव्या हातात बॅटरी, दातांत स्क्रू ड्रायव्हर, उजव्या हातात सहा इंची स्टीलची पट्टी. कॉम्प्युटरच्या डब्याचं बाजूचं झाकण तिनं काढलं होतं. मशिन मात्र बंद करता येत नव्हतं, कारण वर नणंद अजून टाइप करत होती. आत प्रोसेसरचा पंखा फिरत होता, आणि त्या पंख्याची कडा रॅमच्या स्लॉटपासून किती वर आहे हे फूटपट्टीला मोजायचं होतं.

“अडतीस,” ती स्क्रू ड्रायव्हर दातांत तसाच ठेवून म्हणाली.

“काय?” वरून आवाज आला.

“मिलिमीटर. तुमचं चालू द्या.”

“माझं कसं चालणार? तुमचं कोपर माझ्या पेडलवर आहे. डॉक्टर तेच वाक्य चौथ्यांदा बोलतायत.”

फूटपट्टीनं कोपर काढलं. पेडल म्हणजे शिलाई मशिनच्या पायटीसारखी एक काळी चपटी वस्तू. मधला भाग दाबला की कानातला आवाज सुरू, डावीकडे दाबला की मागे, उजवीकडे दाबला की पुढे. नणंद एका मोठ्या हॉस्पिटलसाठी घरून टाइप करते. एक्स-रे आणि सोनोग्राफी पाहून डॉक्टर जे बोलतात ते रेकॉर्ड होऊन तिच्याकडे येतं, ती ते ऐकून रिपोर्ट करते. दिवसाला साठ-सत्तर. हात की-बोर्डवर, पाय पेडलवर, अशी अकरा वर्षं गेली. दोन वर्षांपूर्वी उजव्या खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तिनं पेडल डाव्या पायाखाली सरकवलं आणि तीन आठवड्यांत तोही पाय तयार केला.

त्या खुब्यापायीच आजची सगळी धावपळ होती. हॉस्पिटलनं टाइपिंगचा नवा प्रोग्राम आणला होता आणि घरून काम करणाऱ्या तिघींना दोन दिवसांपूर्वी एक कागद पाठवला होता. रॅम सोळा जीबी हवी. डिस्क जुन्या फिरत्या प्रकारची नको, एसएसडी हवी. आज संध्याकाळी सातच्या आत तपासणीचा प्रोग्राम चालवायचा. जिचं मशिन पास, ती उद्या सकाळी आठपासून घरूनच काम करेल. जिचं नापास, तिनं उद्यापासून हॉस्पिटलच्या हॉलमध्ये यायचं. हॉल तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट फक्त पेशंटच्या खाटांसाठी. नणंद एक मजला चढायला सहा मिनिटं घेते आणि मग अर्धा तास कोणाशी बोलत नाही.

नवीन कॉम्प्युटर घेतला असता तर प्रश्न मिटला असता, पण नव्या मशिनला त्या पेडलची नऊ पिनांची वायर घालायला जागाच नसते. म्हणून जुनंच मशिन सुधारायचं ठरलं होतं. या मशिनमध्ये रॅम आठ होती, चार-चारच्या दोन पट्ट्या. स्लॉट दोनच. म्हणजे दोन्ही पट्ट्या काढून आठ-आठच्या दोन घालायच्या. एसएसडी तर फूटपट्टी पिशवीतून घेऊनच आली होती.

तिनं बॅटरीच्या उजेडात जुन्या पट्टीचं लेबल वाचलं, तळहातावर पेनानं लिहिलं आणि आडव्यानंच कॉम्प्युटरचे सुटे भाग विकणाऱ्या गोदामवाल्याला फोन लावला. फोन कानाशी धरायला हात मोकळा नव्हता, म्हणून स्पीकर चालू करून छातीवर ठेवला. वर नणंदेनं कानातला हेडफोन काढला आणि काहीतरी विचारायला तोंड उघडलं.

“वन्सं, मध्ये बोलू नका हं,” फूटपट्टी म्हणाली.

एरवी ती नणंदेला ताई म्हणते. ‘वन्सं’ निघालं की समजायचं, पारा चढलाय. नणंद गप्प बसली. घड्याळात दोन एकेचाळीस झाले होते.

गोदामवाल्याच्या मागे कोणीतरी खोकी ओढत होतं. फूटपट्टीनं भरभर सांगितलं आणि भरभर विचारलं. तिकडून उत्तर आलं, “चालेल, चालेल, या.” तिनं फोन बंद केला.

आता हे नाव. तिला फूटपट्टी म्हणायला सुरुवात केली ती शेजारच्या किल्लीवाल्यानं. त्याच्या आणि ड्रायक्लीनरच्या मधल्या नऊ बाय सातच्या गाळ्यात ती सतरा वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त करते. त्याआधी ती एका शर्टाच्या कारखान्यात कटिंगला होती. तिथं शंभर थर एकावर एक ठेवून कापड कापतात. माप चुकलं तर एक शर्ट जात नाही, शंभर जातात. कारखान्याच्या ऑफिसातला कॉम्प्युटर वारंवार बंद पडायचा आणि दुरुस्तीवाला यायला चार-चार दिवस लावायचा. एकदा तो आला तेव्हा ती शेजारी उभी राहिली, दुसऱ्यांदा त्याच्या हातात सामान देऊ लागली, तिसऱ्यांदा त्याला बोलवावंच लागलं नाही.

कारखान्यातून तिनं दोन गोष्टी सोबत आणल्या. एक ती स्टीलची पट्टी. दुसरी कागद कापायची सवय. कोणताही मोठा पार्ट विकत घ्यायच्या आधी ती त्याच्या मापाचा तपकिरी कागद कापते, कडा दुमडून उभा करते आणि गिऱ्हाइकाच्या डब्यात ठेवून बघते. दुकानात खिळ्याला असे साठ-सत्तर कागद लटकलेले आहेत, शर्टाच्या बाह्यांचे आणि कॉलरचे असावेत तसे. नवं गिऱ्हाईक हमखास विचारतं, “इथं ब्लाउज पण शिवता का?”

आणि दुकानात एक पाटी आहे. पांढऱ्यावर लाल अक्षरं, तिची स्वतःची: ‘या दुकानात “चालेल” चालत नाही. हो किंवा नाही सांगा.’

पाटीचं मूळ नणंदेच्या याच मशिनमध्ये आहे. आठ वर्षांपूर्वी हे मशिन फूटपट्टीनंच जोडलं. नणंदेला कानात डॉक्टर ऐकायचे असतात, तेव्हा पंख्याचा आवाज नको. मोठा पंखा हळू फिरतो, आवाज कमी करतो. म्हणून तिनं उंच, मोठा पंखा निवडला आणि नणंदेला फोनवर विचारलं, “डबा तुमचा जुनाच ठेवते, चालेल ना?” नणंद म्हणाली, “चालेल.” तिला म्हणायचं होतं, माझी काही हरकत नाही. फूटपट्टीनं ऐकलं ते असं, की डब्यात जागा आहे, आणि कापलेला कागद डब्यात ठेवून पाहिलाच नाही. पंखा बसला, मशिन सुरू झालं, झाकण मात्र लागेना. पंख्याचं टोक दोन सेंटिमीटर बाहेर. पुढचे तीन महिने मशिन उघडंच चाललं. त्यावर एक पंचा टाकलेला असे. घरी कोणी आलं की नणंद पाहुण्यांना सांगे, “आमच्या वहिनींनी जोडलाय. हवेशीर आहे.”

शेवटी फूटपट्टीनं तो पंखा काढला आणि बसका, पसरट, छत्रीसारखा पंखा बसवला. झाकण लागलं. आवाजही नव्हता. पण छत्रीची एक कड रॅमच्या आतल्या स्लॉटवर आली. त्या वेळी पट्ट्या बुटक्या होत्या, अडचण काहीच नव्हती. अडतीस मिलिमीटरची मर्यादा तेव्हापासून मशिनमध्ये पडून होती, कोणी विचारलं नाही म्हणून गप्प.

पण ‘हवेशीर’ हा शब्द काही गप्प बसला नाही. आठ वर्षांत तो लग्नकार्यात निघाला, दवाखान्याच्या बाकावर निघाला, एकदा तर खिडकीची जाळी बसवताना निघाला. फूटपट्टीच्या नवऱ्याचं, म्हणजे नणंदेच्या मोठ्या भावाचं, धोरण साधं आहे. तो पाण्याचे मीटर वाचायच्या नोकरीत आहे. आकडा बघायचा, लिहायचा आणि पुढच्या दारी जायचं. घरातही तो तेच करतो.

तीनला नणंदेनं शेवटचा रिपोर्ट पाठवला. फूटपट्टीनं डबा बाहेर ओढला, जुनी डिस्क आणि नवी एसएसडी शेजारी-शेजारी जोडून नक्कल लावली. पडद्यावर उरलेला वेळ आला, दीड तास. तिथं बसून राहणं तिला शक्यच नव्हतं. पर्स घेतली आणि निघाली.

“चहा टाकलाय,” नणंद म्हणाली.

“आल्यावर.”

“आल्यावर तो चहा नसेल, काढा असेल.”

गोदाम शहराच्या दुसऱ्या टोकाला, बसनं चाळीस मिनिटं. अकराला उघडतं आणि साडेपाचला बंद. बसमध्ये जागा असूनही ती उभी राहिली. दोन स्टॉपमध्ये तीनदा तळहात पाहिला. वीज पुरेल का? पुरेल, दोन पट्ट्या बदलल्यानं फरक पडत नाही. एसएसडीची वायर? पिशवीत आहे. स्क्रू? आहेत. पट्ट्यांची उंची? साध्या असतील तर एकतीस मिलिमीटर, अडतीसच्या आत. सगळं जागेवर होतं आणि तरी काहीतरी सुटं राहिल्यासारखं वाटत होतं. तिला असं नेहमीच वाटतं, त्यामुळे तिनं तिकडे लक्ष दिलं नाही.

गोदामवाल्यानं पाकीट चिकटपट्टी लावून काउंटरवर तयारच ठेवलं होतं. तो आत कोणाशी तरी वाद घालत होता. त्यानं लांबूनच हात केला. परतीची बस कोपऱ्यावर वळताना दिसली. तिनं पाकीट बोटांनी दाबून उंची अजमावली, बुटकी आहे म्हणाली आणि पळाली. पाकिटाच्या आतलं लेबल तिनं वाचलं नाही. सतरा वर्षांत असं झालं नव्हतं.

चार पन्नासला ती परत आली. नक्कल पूर्ण झाली होती. एसएसडी बसवली. नवा कागद न कापता स्टीलच्या पट्टीनंच पुन्हा अडतीस मोजले. जुन्या पट्ट्या काढल्या, पाकीट फोडलं, नव्या दाबल्या. दोन्ही बाजूंच्या कळा कट-कट वाजून बसल्या. इतक्या छान बसल्या की तिनं मान वर करून नणंदेकडे पाहिलं.

“बसल्या?”

“बसल्या.”

बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा काळाच. डब्यातून बीप वाजला आणि वाजतच राहिला.

फूटपट्टीनं बंद केलं, पट्ट्या काढल्या, फुंकल्या, परत बसवल्या. तेच.

“तीन लांब,” नणंद म्हणाली.

“काय?”

“बीप. तीन लांब, मग तेवढंच थांबतंय, मग परत तीन. पहिल्या वेळीही तसंच होतं.”

तीन लांब म्हणजे रॅमची तक्रार. हे फूटपट्टीला नणंदेकडून ऐकायचं नव्हतं. तिनं पट्टी बाहेर काढून खिडकीशी नेली आणि लेबल वाचलं. लांबलचक आकड्यांच्या शेवटी एक अक्षर होतं, आर. जुन्या पट्टीवर त्याच जागी यू. पट्टीच्या मधोमध एक जादा चौकोनी चिप होती. कुठलाही नवशिक्या ओळखेल अशी.

“सर्व्हरची रॅम आहे,” ती म्हणाली. “मोठ्या ऑफिसांच्या मशिनची. खाच तीच, पिना तेवढ्याच. आपल्या बोर्डात बसते. चालत नाही.”

“पण तुम्ही विचारलं होतं ना?”

“विचारलं होतं. तो चालेल म्हणाला.”

नणंद खुर्चीत थोडी पुढे सरकली. टाइप करताना ती अशीच सरकते.

“नाही वहिनी. तुम्ही म्हणालात, ‘आठ-आठची जोडी आहे ना, डीडीआर फोर, माझ्या जुन्या बोर्डाला चालेल ना, आणि मी साडेतीन-पावणेचारला आले तर?’ ते म्हणाले, ‘चालेल, चालेल, या.’” ती थांबली. “‘या’ म्हणाले. बोर्डाला कोण ‘या’ म्हणतं?”

फूटपट्टीनं हातातली पट्टी खिडकीत ठेवली.

“दोन प्रश्न होते,” नणंद म्हणाली. “उत्तर एकच आलं. दुसऱ्याचं.”

“मग तेव्हाच का नाही बोललात?”

“तुम्हीच म्हणालात, वन्सं, मध्ये बोलू नका.”

“मी म्हटलं आणि तुम्ही ऐकलंत? आठ वर्षांत पहिल्यांदा?”

“मला वाटलं, तुम्हांला कळलंच असेल. दुकानात पाटी आहे ना तुमच्या.”

पाच पंचवीस झाले होते. गोदाम पाच मिनिटांत बंद. फूटपट्टीनं तरी फोन लावला. गोदामवाला म्हणाला, “अहो, तुम्ही रॅम म्हणालात, आठ-आठ म्हणालात. सर्व्हरची नको असं कुठं म्हणालात? उद्या आणा, बदलून देतो.” त्यात चूक काढायला जागा नव्हती. तिनं फोन ठेवला आणि खोलीत दोन चकरा मारल्या. खोली लहान होती, चकरा लवकर संपल्या.

तेवढ्यात नवऱ्याचा फोन. “बसलं का?”

“बसलं.”

“मग झालं तर.”

“चालत नाही.”

“दोघी बोलताय ना एकमेकींशी?”

“बोलतोय,” फूटपट्टी म्हणाली आणि फोन बंद केला.

जवळच्या दोन दुकानांना विचारून झालं. एकाकडे आणखी नव्या पिढीची रॅम होती, जिची खाचच वेगळ्या जागी असते. दुसरं दुकान बंद होतं. मग तिच्या डोक्यात जे आलं ते खरं तर पाच मिनिटांपूर्वीच आलं होतं, पण तिनं ते बाजूला ठेवलं होतं. तिच्या स्वतःच्या दुकानातल्या मशिनमध्ये आठ-आठच्या दोन पट्ट्या होत्या. लेबलावर यू. चालतील, यात शंका नाही. पण त्यांच्यावर ॲल्युमिनियमचं कवच होतं, वर दात्यांची रांग असलेलं. उंची तिला पाठ होती. चव्वेचाळीस मिलिमीटर.

“एक बसते ती चालत नाही,” ती पायात चपला सरकवत म्हणाली. “दुसरी चालते ती बसत नाही.”

“म्हणजे आमच्या घरासारखंच,” नणंद म्हणाली.

दुकान बारा मिनिटांवर. ती आठ मिनिटांत गेली. किल्लीवाला म्हणाला, “काय फूटपट्टी, चोर मागे लागलाय की गिऱ्हाईक?” तिनं उत्तर दिलं नाही. स्वतःचं मशिन उघडलं, दोन्ही पट्ट्या काढल्या, रुमालात गुंडाळल्या. खिळ्यावरून पंख्याचा कागदही काढून घेतला. तो आठ वर्षांपूर्वीचा, उंच पंख्याचा होता. हातात आल्यावर कळलं. परत लटकवला.

सहा वाजून चार मिनिटांनी ती टेबलाशी होती. बाहेरचा स्लॉट पंख्याच्या कडेपासून सुटा होता. तिथं उंच पट्टी कवचासकट बसली. आतल्या स्लॉटवर छत्री. तिथं उंच पट्टी तिरकीसुद्धा शिरेना.

“आत जुनी छोटी ठेवली तर?” नणंदेनं विचारलं.

“आठ आणि चार, बारा. त्यांना सोळा हवेत.”

“पंखा फिरवून लावला तर?”

“चारही बाजूंनी छत्रीच आहे ती.”

“मग टोपी काढा.”

“कसली टोपी?”

“पट्टीची. ती चांदीची टोपी. ती काढली तर आत साधीच पट्टी असेल ना?”

फूटपट्टीला हे माहीत होतं. कवच नसलं तरी पट्टी चालते. कवच बरंचसं दिमाखासाठी असतं. पण ते चिपांना चिकटपट्टीनं डकवलेलं असतं, आणि जोर चुकला तर कवचाबरोबर चिपही निघून येते. दुकानात तिनं हे दोनदा केलं होतं. एकदा जमलं होतं.

“चिप उखडली तर बारावर आलो आपण,” ती म्हणाली. “आणि मग उद्या तिसरा मजला.”

“उद्या तिसरा मजला आत्ताही आहेच,” नणंद म्हणाली आणि भिंतीला धरून उठली. आतून तिनं केस वाळवायचं मशिन आणलं, शिवणाच्या डब्यातून नायलॉनचा धागा आणला. दोन्ही टेबलावर ठेवून विचारलं, “अजून काय?”

“मला न विचारता बरोबर आणलंत.”

“तुम्ही मागच्या गणपतीत कोणाला तरी फोनवर सांगत होतात. मी ऐकत होते.”

पट्टी आधी गरम करायची, म्हणजे गोंद सैल होतो. नणंदेनं हवा धरली, फूटपट्टीनं घड्याळ. एका बाजूला दोन मिनिटं, उलटून दोन मिनिटं. खोलीत तापलेल्या धुळीचा वास आला. मग धागा कवच आणि चिपा यांच्यामधल्या फटीत घालून फूटपट्टी तो करवतीसारखा मागेपुढे ओढू लागली. कटिंगच्या टेबलावर तिनं हजारो थर कापले होते, पण तिथं पातं खाली जाताना दिसायचं. इथं काही दिसत नव्हतं. धागा एक सेंटिमीटर गेला आणि अडला. ती थांबली, पुन्हा गरम केलं. सहा बावीस. धागा पुढे गेला. पाऊण पट्टी पार झाली.

टक्.

दोघी थांबल्या. हवेचं मशिन चालूच होतं. नणंदेनं ते बंद केलं.

“गेली,” फूटपट्टी म्हणाली.

“नाही. गोंद सुटला.”

“तुम्हांला काय माहीत? चिप उखडल्याचा आवाज ऐकलाय का कधी?”

“नाही. पण हा ओला आवाज होता. कोरडं काही तुटलं नाही.”

फूटपट्टीनं कवच हळूच उचललं. आठही चिपा जागेवर होत्या. कडेच्या चिपेवर गोंदाचा एक लांब धागा ताणला गेला होता आणि तुटून परत आला होता. तिनं दुसरी बाजूही काढली, पट्टी नखानं साफ केली, उजेडात धरून एकेक बारीक ठिपका तपासला. मग स्टीलची पट्टी लावली. एकतीस.

सहा एकोणचाळीसला आतल्या स्लॉटची कळ कट वाजली. बाहेरच्या स्लॉटची वाजलेलीच होती. तिनं बटण दाबण्याआधी वायरींवरून एकदा हात फिरवला, मग परत एकदा.

“दाबा आता,” नणंद म्हणाली. “का मी दाबू?”

एक छोटा बीप. फक्त एक.

“एकच,” नणंद म्हणाली. “आखूड.”

पडद्यावर आकडा आला, सोळा. फूटपट्टी पाठ टेकून जमिनीवर बसली आणि लगेच उठली, कारण एसएसडीवरून मशिन सुरू व्हायचं अजून बाकी होतं. ते झालं. सहा शेहेचाळीसला नणंदेनं हॉस्पिटलचा तपासणीचा प्रोग्राम उघडला. एकेक ओळ येऊ लागली. प्रोसेसर, हिरवा. रॅम, हिरवी. डिस्क, हिरवी. पडदा, हिरवा. पाचव्या ओळीवर प्रोग्राम थांबला. तिथं लिहिलं होतं: पेडल दाबा.

नणंदेनं डावा पाय पुढे केला. पेडल तिथं नव्हतं. दुपारी डबा ओढताना ते फूटपट्टीनं कपाटाखाली सरकवलं होतं. आता ती पुन्हा पालथी पडली, हात घालून पेडल ओढलं, वायर डब्याच्या मागे लावली आणि पेडल नणंदेच्या पायाखाली ठेवलं. नणंदेनं ते टाचेनं दोन बोटं डावीकडे सरकवलं. मग दाबलं.

पाचवी ओळ हिरवी झाली. सहा बावन्न.

फूटपट्टीनं गुडघ्यांवरची धूळ झटकली. मग नणंद म्हणाली, “झाकण लागतंय का बघा.”

फूटपट्टीनं झाकण लावलं. ते लागलं. तिनं दोन्ही स्क्रू आवळले, झाकणावर बोटं ठेवून कुठं फट आहे का पाहिलं. चांदीचं कवच टेबलावर दोन तुकड्यांत पडलं होतं. ते नणंदेनं उचलून शिवणाच्या डब्यात टाकलं.

“ते कशाला ठेवताय?”

“असू दे. पाहुण्यांना दाखवायला काहीतरी नवीन हवं ना.”

सर्व्हरच्या दोन पट्ट्या फूटपट्टीनं परत पाकिटात घातल्या आणि या वेळी पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: आर. त्याखाली: यू हवी. मग तिनं चहा मागितला. नणंद म्हणाली, काढा झालाय, दुसरा करते. फूटपट्टी म्हणाली, “चालेल.”

“म्हणजे हो की नाही?”

“हो, ताई. हो.”

निघताना ती दुकानावरून गेली. आतलं मशिन उघडं पडलं होतं आणि त्याच्यात रॅमची एकही पट्टी नव्हती. दाराला तिनं एक चिठ्ठी लावली. दुकान रोज दहाला उघडतं. गोदाम अकराला उघडतं आणि तिथून दुकानापर्यंत बसला चाळीस मिनिटं लागतात. नणंद उद्या सकाळी आठला घरच्या टेबलाशी टाइप करायला बसेल. फूटपट्टीचं दुकान उद्या पावणेबाराला उघडेल.